दाखल्यापुरते ज्यू

३० सप्टेंबर १९३८ रोजी म्युनिकचा करार झाला आणि चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटेन प्रदेश हिटलरच्या पदरात पडला. पुढच्या दोनच आठवड्यांत हिंदुस्थानातल्या तीन सभांमध्ये त्याचे पडसाद उमटले. कराचीत सिंध प्रांतिक मुस्लिम लीगची परिषद भरली होती. तिथे बॅरिस्टर जिनांनी सुडेटेन जर्मनांचा दाखला दिला. बहुसंख्याकांनी त्यांना वीस वर्षे टाचेखाली ठेवले म्हणूनच चेकोस्लोव्हाकिया फुटला, काँग्रेसने यावरून काय ते समजून घ्यावे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. ११ ऑक्टोबरला पुण्यात हिंदुमहासभेचे अध्यक्ष वि. दा. सावरकर बोलले. हिंदुस्थानात सार्वमत घेतले तर मुसलमान मुसलमानांकडे जातील आणि हिंदू हिंदूंकडे, असे त्यांनी सांगितले. तीन दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, मालेगावच्या सभेत त्यांनी पुढचा टप्पा गाठला. राष्ट्र घडते ते तिथे राहणाऱ्या बहुसंख्याकांचे. जर्मनीत ज्यू अल्पसंख्य होते, त्यांना बाहेर घालवण्यात आले, असा त्या भाषणाचा सारांश सरकारी नोंदीत उतरला आहे.

ही तीन भाषणे शेजारी ठेवली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. कराचीतल्या वक्त्याने आपला समाज सुडेटेन जर्मनांच्या जागी बसवला, मालेगावातल्या वक्त्याने खुद्द जर्मनीतल्या जर्मनांच्या. एकमेकांचे कट्टर विरोधक असलेल्या या दोघांना आपापल्या समाजासाठी जर्मनांचीच जागा सोयीची वाटली. ज्यूंची जागा कोणालाच नको होती. ती दुसऱ्यासाठी राखून ठेवलेली होती, आणि त्या जागी कोणाला बसवायचे ते श्रोत्यांना उघड सांगावे लागत नव्हते.

त्या दीड-दोन वर्षांत मराठी मुलखात ज्यूंविषयी पुष्कळ बोलले गेले. पुणे, मालेगाव, नागपूर, वर्धा ही या वादाची ठिकाणे. वाद चालला होता जर्मनीतल्या ज्यूंवर, पण डोळ्यांसमोर होता इथला हिंदू-मुसलमान प्रश्न. त्या हंगामात या प्रश्नाचे सर्वांत तापलेले टोक होते निजामाचे हैदराबाद संस्थान. म्हणून हा वाद पुण्यामुंबईच्या व्यासपीठावरून न पाहता वसमतसारख्या संस्थानी तालुक्याच्या गावातून पाहिला तर त्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

संस्थानी मुलूख

वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. पूर्णेहून हिंगोलीकडे जाणारी मीटरगेज रेल्वे गावावरून जात होती. घरातली आणि बाजारातली भाषा मराठी, कचेरीची भाषा उर्दू. संस्थानात मुसलमानांचे प्रमाण सुमारे बारा-तेरा टक्के होते, पण सत्ता आणि वरच्या नोकऱ्या प्रामुख्याने त्यांच्या हाती होत्या. सभा भरवायची तर ‘गश्ती निशान ५३’ या हुकुमाप्रमाणे आधी परवानगी लागे. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. मराठी भाषकांना सनदशीर मार्गाने एकत्र येण्याची ती वाट होती. १९३८ च्या सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने ती जातीय संघटना ठरवून तिच्यावर बंदी घातली.

२४ ऑक्टोबरला, म्हणजे मालेगावच्या सभेनंतर दहा दिवसांनी, स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला. हिंदुमहासभेचा ‘भागानगर (म्हणजे हैदराबाद) निःशस्त्र प्रतिकार’ आणि आर्य समाजाचे आंदोलन त्याच काळात उभे राहिले. तिन्ही चळवळींचे सत्याग्रही एकाच निजामाच्या तुरुंगांत गेले, पण मागण्यांची मांडणी वेगळी होती. स्टेट काँग्रेसला जबाबदार राज्यपद्धती हवी होती. इतर दोन आंदोलनांचा भर हिंदूंच्या धार्मिक आणि नागरी हक्कांवर होता. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हा फरक पुसला गेला. निजाम सरकारलाही तो पुसलेलाच हवा होता, कारण ‘ही सगळी जातीय चळवळ आहे’ हे त्याचे म्हणणे त्याने पक्के होत होते. शेवटी २४ डिसेंबरला स्टेट काँग्रेसने सत्याग्रह स्थगित केला. त्यामागे गांधीजींचा सल्ला होता. आर्य समाज आणि हिंदुमहासभा यांची आंदोलने १९३९ च्या जुलै-ऑगस्टपर्यंत चालू राहिली.

मालेगावचे सूत्र वसमतला लावून पाहिले तर ते उलटे फिरते. बहुसंख्याकांचे राष्ट्र असते, असे म्हटले की संस्थानातल्या मराठी, तेलुगू आणि कानडी रयतेला ते न्यायाचे वाटणारच, कारण ती बहुसंख्य असून हक्कांना मुकलेली होती. पण मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनने नेमके उलटे सूत्र काढले होते. बहादूर यार जंग यांच्या नेतृत्वाखाली मजलिसने ‘अनल मलिक’चा सिद्धांत पसरवला. संस्थानातला प्रत्येक मुसलमान हा राजसत्तेचा वाटेकरी आहे आणि निजाम हे त्या सत्तेचे प्रतीक आहे, असा त्याचा आशय. संख्येच्या जोरावर मालकी सांगणारा एक पक्ष आणि राज्यकर्त्यांच्या धर्माच्या जोरावर मालकी सांगणारा दुसरा, अशी ही रचना होती. दोन्ही सिद्धांतांत शेजाऱ्याला जागा मिळत होती ती मालकाच्या मर्जीने.

शिवाय प्रत्येक पक्ष एका ठिकाणी पीडित होता आणि दुसऱ्या ठिकाणी मालक. १९३८ च्या नोव्हेंबरात मुस्लिम लीगने पीरपूर अहवाल काढला. काँग्रेसच्या प्रांतांत मुसलमानांवर अन्याय होतो, अशा तक्रारींची ती जंत्री होती. हैदराबादेत मात्र तेच मुस्लिम राजकारण राज्यकर्त्यांच्या बाजूला उभे होते. हिंदुमहासभेच्या प्रचारात हैदराबादचा हिंदू पिचलेला होता आणि मालेगावच्या सभेत तोच राष्ट्राचा धनी. ज्यूंचा दाखला या दुहेरी हिशेबात फार उपयोगी पडला. गरजेप्रमाणे तो कोणत्याही रकान्यात घालता येई.

कागद कोणते

मालेगाव आणि पुण्याच्या भाषणांचे जे तपशील आज हाती येतात, त्यांचा मोठा भाग मुंबई इलाख्याच्या गृहखात्याच्या विशेष शाखेच्या दप्तरातला आहे. सभेला पोलिसांचा माणूस हजर असे. भाषण मराठीत होई, अहवाल इंग्रजीत जाई. इटालियन संशोधक मार्झिया कासोलारी यांनी हे कागद, नेहरू स्मारक संग्रहालयातली खासगी दप्तरे आणि इटलीतले सरकारी कागद एकत्र वाचून २००० साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक लेख लिहिला. पुढचा बराच वाद त्या लेखाभोवती फिरला.

पोलिसांचा अहवाल म्हणजे भाषणाची मुद्रित प्रत नव्हे. अहवाल लिहिणाऱ्याला कायदा-सुव्यवस्थेची चिंता असते. भाषणातली सूक्ष्म वळणे त्याच्या लेखी फार महत्त्वाची नसतात. म्हणून एका अहवालातल्या एका वाक्यावर इमारत उभी करणे धोक्याचे. पण इथे एकच वाक्य नाही. १ ऑगस्ट १९३८ ला पुण्यातल्या मोठ्या सभेत सावरकरांनी परराष्ट्र धोरणावर बोलताना म्हटले, की जर्मनीने नाझी मार्ग घ्यावा की इटलीने फॅसिस्ट, हे त्या त्या राष्ट्राने ठरवायचे आहे, आपण त्यांना शहाणपण शिकवू नये. २९ जुलै १९३९ ला पुण्यातच ते म्हणाले, की राष्ट्रीयत्व नुसत्या एका भूमीवर राहण्यातून येत नाही. विचार, धर्म, भाषा आणि संस्कृती यांच्या ऐक्यातून येते, आणि म्हणूनच जर्मन आणि ज्यू मिळून एक राष्ट्र होऊ शकत नव्हते. वर्षभराच्या अंतरातल्या या नोंदी एकमेकींना दुजोरा देतात. मुख्य म्हणजे हिंदुमहासभेनेच छापलेली त्यांची अध्यक्षीय भाषणे ‘हिंदू राष्ट्र दर्शन’ या संग्रहात उपलब्ध आहेत, आणि त्यांतला विचारही याच दिशेचा आहे.

त्या संग्रहात हिंदुस्थानातल्या ज्यूंवर एक वेगळा परिच्छेद आहे. इथले ज्यू थोडे आहेत, त्यांनी हिंदूंना राजकीय वा सांस्कृतिक उपद्रव दिलेला नाही, ते धर्मांतर घडवत फिरत नाहीत, त्यांना सामावून घेणे सोपे आहे, असे सावरकर सांगतात. लगेच पुढे बजावतात, की बाहेरच्या ज्यूंबद्दल सहानुभूती असली तरी त्यांची नवी वसाहत इथे होऊ देण्याच्या काँग्रेसी सूचनेला हिंदूंनी विरोधच केला पाहिजे. युरोपीय ज्यूद्वेषात असते तशी वंशाची किळस या परिच्छेदात नाही. मोजमाप एकच आहे: किती आहेत आणि त्रास देतात का.

१९४७ चा कागद हेच दाखवतो. संयुक्त राष्ट्रांनी २९ नोव्हेंबरला पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव केला आणि भारताने त्याच्या विरोधात मत दिले. १९ डिसेंबरला सावरकरांनी पत्रक काढून ज्यू राष्ट्राच्या निर्मितीचे मनापासून स्वागत केले आणि भारताच्या मतावर टीका केली. १९३८ चे भाषण पुढे करणारे या पत्रकाकडे डोळेझाक करतात. १९४७ चे पत्रक मिरवणारे मालेगाव विसरतात. दोन्ही कागद एकत्र वाचले तर त्यांत विसंगती फारशी उरत नाही. जर्मनीत बहुसंख्याक जर्मन होते म्हणून ज्यू परके. पॅलेस्टाईनमध्ये ज्यू स्वतःचे राष्ट्र उभारत होते म्हणून ते आदर्श. ज्यू माणसाचे काय झाले हा प्रश्न दोन्हीकडे दुय्यम आहे. सिद्धांत मात्र तोच आहे.

शेगाव, वर्धा

१९३८ च्या त्याच महिन्यांत वर्ध्याजवळच्या शेगावातून, पुढे ज्याचे सेवाग्राम झाले तिथून, वेगळा आवाज आला. ९ आणि १० नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीत प्रार्थनामंदिरे जाळली गेली, दुकाने फोडली गेली आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून नेले. २० नोव्हेंबरला गांधीजींनी ज्यूंवर लेख लिहिला आणि तो २६ तारखेच्या ‘हरिजन’मध्ये छापून आला. आपली सगळी सहानुभूती ज्यूंकडे आहे असे सांगून त्यांनी एक तुलना केली: ज्यू हे ख्रिस्ती जगाचे अस्पृश्य आहेत. हिंदूंनी अस्पृश्यांना जसे वागवले तसे ख्रिस्त्यांनी यांना वागवले, आणि दोन्हीकडे त्या वागणुकीला धर्माचा आधार दिला गेला.

या लेखावर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. गांधीजींनी जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाचा मार्ग सुचवला होता आणि पॅलेस्टाईनवरचा त्यांचा दावा मान्य केला नव्हता. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये जेरुसलेमहून त्यांना दीर्घ पत्र लिहिले. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी माणसाची स्थिती आणि छळछावणीतल्या ज्यूची स्थिती एक नाही, असे त्यांनी समजावले. ज्या राजवटीत साक्षीदारच उरत नाही, तिथे आत्मबलिदान कोण पाहणार, हा त्यांचा प्रश्न होता. तो आजही निरुत्तर करणारा आहे.

तरीही तुलनेची दिशा पाहण्याजोगी आहे. ज्यूंची आठवण काढताना गांधीजींनी स्वतःच्या समाजाला जर्मनांच्या बाजूला, म्हणजे छळणाऱ्यांच्या बाजूला उभे केले. दाखल्याचे टोक त्यांनी आपल्याच लोकांकडे वळवले. हैदराबादचा सत्याग्रह थांबवण्याचा सल्लाही त्यांनी याच आठवड्यांत दिला. तो राजकीयदृष्ट्या बरोबर होता की नाही यावर मराठवाड्यात पुढे पुष्कळ चर्चा झाली. पण जबाबदार राज्यपद्धतीचा लढा हिंदू विरुद्ध मुसलमान अशा चौकटीत अडकू नये, ही त्यामागची चिंता होती.

डिसेंबरात वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणी बसली. नाझींच्या तावडीतून निसटलेल्या ज्यू तज्ज्ञांना हिंदुस्थानात काम द्यावे, असा जवाहरलाल नेहरूंचा आग्रह होता. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांना ते पटले नाही. ३ एप्रिल १९३९ ला नेहरूंनी बोसांना लिहिलेल्या लांबलचक पत्रात या मतभेदाचा उल्लेख आहे. म्हणजे निर्वासितांना थारा द्यावा की नाही, यावर एकट्या हिंदुमहासभेचाच आक्षेप होता असे नाही. काँग्रेसच्या माथ्यावरही एकमत नव्हते.

नागपूरचे पुस्तक आणि बापूजी अणे

मार्च १९३९ मध्ये नागपूरच्या भारत प्रकाशनाने राष्ट्रीय स्वयंसेवक संघातले मा. स. गोळवलकर यांचे ‘वुई ऑर अवर नेशनहूड डिफाइन्ड’ हे इंग्रजी पुस्तक काढले. ग. दा. ऊर्फ बाबाराव सावरकरांचा ‘राष्ट्रमीमांसा’ हा मराठी ग्रंथ त्याचा एक मुख्य आधार होता. वंश आणि संस्कृती यांची शुद्धता राखण्यासाठी जर्मनीने ज्यूंना घालवून दिले, यातून मुळापासून भिन्न असलेले वंश एकजीव होऊ शकत नाहीत हे दिसते आणि हिंदुस्थानाने हा धडा घ्यावा, असा त्यातला बहुचर्चित विचार आहे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने २००६ मध्ये या पुस्तकापासून स्वतःला वेगळे केले.

या पुस्तकाबद्दल बोलताना त्याची प्रस्तावना बहुधा वाचली जात नाही. ती लोकनायक बापूजी अणे यांची. अणे मूळचे वणीचे, त्यांचे राजकारण यवतमाळचे, म्हणजे वसमतपासून फार दूर नसलेल्या वऱ्हाडातले. ते हिंदूहिताच्या राजकारणापासून अलिप्त नव्हते. १९३८ च्या डिसेंबरअखेर सोलापूरला जी आर्य परिषद भरली आणि जिथे हैदराबादच्या सत्याग्रहाचा निर्णय झाला, तिचे अध्यक्ष अणेच होते. असा माणूस गोळवलकरांच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहितो आणि त्यातच नोंदवतो, की लेखकाने आपला राष्ट्रवाद न मानणाऱ्यांविषयी वापरलेली आवेशाची भाषा, राष्ट्रवादासारख्या गुंतागुंतीच्या विषयाच्या अभ्यासाला शोभणारी नाही.

हैदराबादच्या हिंदूंवरचा अन्याय अणे यांना दिसत होता. त्यासाठी लढ्याचे नेतृत्व करायला ते तयार होते. पण त्या अन्यायाचा उपाय म्हणून जर्मनीचा कित्ता गिरवावा, ही मांडणी त्यांना तशीच गिळवली नाही. तीन महिन्यांच्या अंतराने एकाच माणसाच्या हातून झालेली ही दोन कामे सांगतात, की त्या काळातही तक्रार खरी मानून तिच्यावरचा उपाय नाकारता येत होता. काळच तसा होता, सगळेच तसे बोलत होते, ही सबब म्हणून पुरी पडत नाही.

शेजारचा शनवार तेली

हा सगळा वाद मराठी मुलखात चालू असताना मराठी बोलणारे ज्यू तिथेच राहत होते. बेने इस्रायल कुलाबा जिल्ह्याच्या खेड्यांतून शतकानुशतके तेलघाणे चालवत आले होते. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. केहीमकर, राजपूरकर, दिवेकर, पेणकर ही त्यांची आडनावे कोकणातल्या गावांची. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या त्यांच्या हगादा या वल्हांडण सणाच्या पोथीतल्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका सणाच्या भाकरी करताना दिसतात. १८८० पासून तर मोशे आणि दाविदाची आख्याने मराठी कीर्तनांतून रंगू लागली. पुण्यात रास्ता पेठेत त्यांचे प्रार्थनामंदिर होते. ज्या शहरात जर्मन आणि ज्यू एक राष्ट्र होऊ शकत नाहीत हे व्यासपीठावरून सांगितले गेले, तिथेच हे लोक राहत होते.

त्याहून बोलका दाखला मुंबईचा. १९३७-३८ या वर्षी मुंबईचे महापौर होते डॉ. ई. मोझेस, बेने इस्रायल. वरळी-महालक्ष्मीचा डॉ. ई. मोझेस रस्ता त्यांच्याच नावाचा. लोकमान्य टिळकांवर १९१६ मध्ये खटला झाला तेव्हा जिनांच्या बरोबर बचावाला उभे राहिलेले वकील एरूलकर याच समाजातले. ज्यू बहुसंख्याकांत मिसळू शकतो का, मराठी राजकारणाला तो विश्वासाचा वाटतो का, या प्रश्नांची उत्तरे पुण्यामुंबईत तयार होती. वादात ती कोणी साक्षीला काढली नाहीत. सगळा दाखला बर्लिनहून मागवला गेला.

या समाजाचे चित्र गुळगुळीत करण्याचेही कारण नाही. त्यांच्यातही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. मुंबईचे श्रीमंत बगदादी ज्यू त्यांना बरोबरीचे मानत नसत. इस्रायलला गेल्यावर तर त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या लग्नाआधी मागच्या पिढ्यांची चौकशी करण्याचा आदेश काढला. त्याविरुद्ध त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला, की बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यूच आहेत. कोकणात ज्यांच्या ज्यूपणावर कोणी आक्षेप घेतला नव्हता, त्यांना ज्यूंच्या राष्ट्रात तो सिद्ध करावा लागला. संस्कृतीच्या ऐक्यावर राष्ट्र उभे करायचे म्हटले की त्या ऐक्याचा दाखला तपासणारा कोणी तरी लागतोच, आणि त्याच्या तपासणीतून स्वतःचे लोकही सुटत नाहीत.

युद्ध सुरू झाल्यावर मुंबई इलाख्यात आणखी एक प्रकार घडला. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारने जर्मन पारपत्र असलेल्यांना शत्रूदेशाचे नागरिक म्हणून अटक केली. त्यांत हिटलरपासून पळून आलेले ज्यू निर्वासितही होते. त्यांना अहमदनगरच्या छावणीत ठेवले गेले; पुढे चौकशीनंतर अनेकांची सुटका झाली. काहींचा मुक्काम पुरंदरवरही झाला. बर्लिनमध्ये हे लोक ज्यू म्हणून परके ठरले, नगरला जर्मन म्हणून.

बाबासाहेबांनी फिरवलेला दाखला

३० डिसेंबर १९३८ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यात, मक्रणपूरला, निजामी राज्यातल्या अस्पृश्यांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. ‘जय भीम’ हे अभिवादन तिथूनच पसरले असे मानतात. हैदराबादच्या प्रश्नाला हिंदू आणि मुसलमान अशा दोनच बाजू आहेत, या समजाला ही परिषद म्हणजे जागेवरचे उत्तर होते. वसमतच्या महारवाड्यातला किंवा मांगवाड्यातला माणूस जनगणनेत हिंदू बहुसंख्याकांत मोजला जात होता, पण गावच्या पाणवठ्यावर त्याची गणती वेगळी होती.

पाच वर्षांनी, १९४३ मध्ये, गांधीजी आणि अस्पृश्यांची मुक्ती या विषयावरची बाबासाहेबांची पुस्तिका निघाली. तिच्यात त्यांनी ज्यूंचा दाखला असा मांडला, की त्यात पळवाट उरत नाही. नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातनी हिंदूंचा अस्पृश्यांविषयीचा भाव यांत विचार आणि परिणाम या दोन्ही दृष्टींनी फरक नाही, असे त्यांनी म्हटले. अस्पृश्यांच्या स्थितीवरच्या त्यांच्या एका हस्तलिखिताच्या शीर्षकातच ‘घेट्टो’ हा शब्द आहे. महाराष्ट्र शासनाने ते त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध केले.

गांधीजी आणि आंबेडकर यांचे एकमेकांशी किती बिनसले होते हे सर्वांना ठाऊक आहे. ही पुस्तिकाही गांधींवरच्या घणाघाती टीकेसाठीच लिहिलेली आहे. पण ज्यूंच्या दाखल्याबाबत हे दोघे एका बाजूला पडतात. दोघांनीही विचारले, की आपल्याकडे ज्यूंच्या जागी आपण कोणाला ठेवले आहे. आंबेडकरांचा प्रश्न जास्त धारदार, कारण तो त्या जागी प्रत्यक्ष ठेवलेल्या समाजाच्या वतीने विचारलेला होता. सहानुभूतीवर त्यांची बोळवण होणार नव्हती. त्यांना हक्क हवे होते.

पुढचा हिशेब

हैदराबादेत ‘मालक कोण’ या प्रश्नाची किंमत पुढच्या दहा वर्षांत चुकती झाली. १९४७-४८ मध्ये मजलिसच्या रझाकारांनी खेडोपाडी जाळपोळ आणि खून केले. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात हुतात्मा झाले. वसमतचे महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारताच्या ‘पोलीस कारवाई’पुढे निजामाने शरणागती पत्करली. मग सूड उलटला. भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे नोंदवले, आणि पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर संस्थानात मारल्या गेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. नांदेड जिल्हा वसमतला लागूनच आहे. हा अहवाल दीर्घकाळ दप्तरबंद राहिला आणि २०१३ च्या सुमारास अभ्यासकांना पाहता आला. मराठवाड्यात बहिर्जींचे स्मरण उघडपणे होते, ते योग्यच आहे. त्या अहवालातल्या मृतांचे स्मरण फार थोड्यांनी केले.

बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्नही मिटला नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत त्यांचा जोर मोठा होता. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. १९३८ मध्ये निजामाविरुद्ध ‘आम्ही बहुसंख्य’ म्हणून ज्यांची मोजणी एकत्र झाली होती, त्यांच्यातली फूट किती खोल होती हे त्या सोळा वर्षांत दिसले.

आजही वादात ज्यूंचा दाखला सर्रास निघतो. कोणी प्रतिपक्षाला नाझी म्हणतो, कोणी स्वतःला ज्यू. सावरकरांचे १९३८ काढले की १९४७ समोर येते, आणि गोळवलकरांचे पुस्तक काढले की २००६ चा खुलासा. कागद दाखवण्याची ही चढाओढ वाया जात नाही, कारण निदान कागद तरी वाचले जातात. पण १९३८-३९ ची ही कागदपत्रे तारखेच्या क्रमाने वाचली तर कोणत्याही दाखल्याला लावता येईल अशी एक साधी कसोटी हाती लागते. दाखला देणारा स्वतःच्या समाजाला कुठे उभा करतो, हे आधी पाहावे. कराचीत आणि मालेगावात तो स्वतःसाठी मालकी मागत होता. वर्ध्याच्या लेखात आणि १९४३ च्या पुस्तिकेत हिशेब मागत होता. मालकी मागणाऱ्या दाखल्यातून वसमतच्या कुठल्याच वेशीतल्या माणसाला संरक्षण मिळाले नाही. तो बहुसंख्य असताना मिळाले नाही आणि अल्पसंख्य असतानाही नाही.